रांजणाच्या तोंडाशी

ढब्बूला उंचीची भीती वाटते हे त्याच्या बायकोला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. खोलीचीही तितकीच वाटते, हे मात्र त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं. त्यामुळे बिट्टी जेव्हा म्हणाली, "तुला काहीच करायचं नाहीये, नुसतं वर बसायचंय," तेव्हा नाही म्हणायला त्याच्याकडे तोंडच उरलं नाही.

ढब्बू हे अर्थात त्याचं घरातलं नाव. बाहेर त्याला बेकरीवाला म्हणत. पहाटे उठून कणकेचे गोळे मळायचे, भट्टीसमोर घाम गाळायचा आणि दुपारी दुकानातल्या खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी काढायची, असा त्याचा सरळ आयुष्यक्रम. जमीन सोडून वर किंवा खाली जाण्याचा प्रसंग त्यात येत नसे. बिट्टीचं सगळंच उलटं. ती विद्यापीठातल्या वनस्पतींच्या विभागात होती आणि गेली काही वर्षं तिचं काम एका विवरात चाललं होतं. कोरड्या, काटेरी माळाच्या मधोमध जमिनीनं एकाएकी आ वासावा, तसं ते विवर होतं. पोटातला चुनखडीचा दगड पाण्यानं विरघळत विरघळत पोकळ झाला आणि कधीतरी वरचं छत खचलं. तोंड लहान, पोट मोठं, म्हणून आसपासचे लोक त्याला रांजण म्हणत. त्या रांजणाच्या तळाशी एक आख्खं हिरवं जंगल वाढलं होतं. त्यातले नेचे आणि शेवाळं दर हंगामाला मोजून यायचं, हे बिट्टीचं काम.

तिच्या विभागाचा नियम होता, एकानं खाली उतरायचं तर दुसऱ्यानं वर थांबायचं. वर थांबणारा सहकारी तापानं आडवा झाला आणि ती पाळी ढब्बूवर आली.

बिट्टीचे वडीलही सोबत निघाले, त्याला वेगळंच कारण होतं. मास्तर म्हणत त्यांना. सगळी हयात त्यांनी तलावावर मुलांना पोहायला शिकवण्यात घालवली होती, त्यामुळे घरातल्या घरात मीठ मागायचं असलं तरी ते पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असं मागत. आदल्या संध्याकाळी ते बेकरीत आले आणि त्यांच्या मानानं पुष्कळ हळू आवाजात म्हणाले,

"जावईबापू, उद्या मी पण येतो. ती वर आली, दमलेली असली, की दोघं मिळून बोलू. ऑफिसात बसून करायचं काम मागून घे म्हणावं. पुरे झाली ही भोकात उतरायची नोकरी."

"तुम्ही बोला, बाबा. तुम्ही वडील आहात."

"माझं ऐकते का ती?"

"मग माझं ऐकते?"

"म्हणून तर दोघं," मास्तर म्हणाले. "तू सुरुवात कर. मी मागून जोर लावतो."

ढब्बूनं मान डोलावली. त्यालाही मनातून तेच हवं होतं. बिट्टी कामावर गेली की दिवसभर त्याच्या पोटात एक गोळा असायचा आणि संध्याकाळी तिचा "वर आले" असा निरोप आला की तो विरघळायचा. रोज रोज असं विरघळायचा त्याला कंटाळा आला होता.

सकाळी बिट्टी खाली उतरली ती पट्टे आवळून, डोक्यावर टोपी चढवून, पाठीवर पिशवी घेऊन. उतरताना तिनं ढब्बूच्या हातात वॉकीटॉकी दिला. "ठरल्या वेळी मी बोलेन. नाही बोलले तर थोडं थांब, मग तू बोलव. तरी उत्तर आलं नाही, तर गाडी घेऊन थेट वनखात्याच्या चौकीवर. इथं मोबाइलला रेंज नाही. आणि काहीही झालं तरी खाली उतरायचं नाही."

"मी कशाला उतरतोय," ढब्बू म्हणाला. ते त्यानं इतकं मनापासून म्हटलं की बिट्टी हसली.

पहिल्यांदा ती वेळेवर बोलली. तळाशी पोचले, सगळं ठीक, खाली गार आहे. दुसऱ्यांदाही बोलली. मधल्या वेळात मास्तरांनी डबा उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, त्यावर काळा चष्मा होता आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला सक्त मनाई केली होती. विवराच्या काठावर खुरटी, काटेरी झुडपं होती. मास्तर त्यांच्या सावलीत बसायला जागा शोधत राहिले आणि झुडपं त्यांचा सदरा ओढत राहिली. मध्येच खालून दगड घरंगळल्यासारखा आवाज आला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"पाकोळ्या असतील," मास्तर म्हणाले.

पाकोळ्या खरंच होत्या. विवराच्या तोंडातून त्या आत-बाहेर करत होत्या. पण पाकोळ्यांनी दगड कसा पडेल, हे ढब्बूनं विचारलं नाही आणि मास्तरांनीही सांगितलं नाही.

तिसरी वेळ आली आणि गेली. वॉकीटॉकी नुसता खरखरत राहिला. ढब्बू थोडा थांबला. मग त्यानं बटण दाबलं. "बिट्टी? ऐकू येतंय?" खरखर. "बिट्टी, बोल." खरखर. मास्तरांनी यंत्र त्याच्या हातातून हिसकावून घेतलं, उलटसुलट केलं, त्यात ओरडले, मग यंत्र बाजूला ठेवून सरळ विवराच्या काठाशी जाऊन ओरडले. तो आवाज भिंतीभिंतींवर आपटत खाली गेला. पाकोळ्यांचा एक थवा भर्रकन उठला. खालून काही आलं नाही.

ढब्बूच्या तोंडचं पाणी पळालं. काय करायचं ते बिट्टीनं सांगून ठेवलं होतं. त्यानं किल्ली काढली. "बाबा, मी चौकीवर जाऊन येतो. तुम्ही इथं थांबा."

"थांबतो," मास्तर म्हणाले. त्यांची नजर शिडीवर होती.

शिडी म्हणजे खडकात ठोकलेल्या लोखंडी पायऱ्या. ढब्बूनं त्यांचा चेहरा पाहिला आणि त्याला कळून चुकलं, की आपली गाडी वळणापलीकडे गेली रे गेली, की हा माणूस एका डोळ्यानं खाली उतरणार. मग शोधायला एकाऐवजी दोघं.

"बाबा, उतरणार नाही असं सांगा मला."

"माझी मुलगी आहे ती."

"माझी बायको आहे."

"मग तू उतर," मास्तर म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं. नियमानं वरच्या माणसानं उतरायचं नव्हतं. नियम बरोबरच होता. पण तो बरोबर आहे याचा आपल्याला एवढा आधार का वाटतोय, हे ढब्बूच्या लक्षात आलं आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. खाली ती एकटी होती. ती कशी आहे हे बघायला कुणीतरी जायलाच हवं होतं आणि मदत आणायलाही कुणीतरी जायलाच हवं होतं, आणि माणसं दोनच होती.

"तुम्हाला दिसतं किती?" त्यानं विचारलं.

"दुसरा डोळा चांगला आहे."

"खरं सांगा."

"रस्ता दिसतो. रस्त्यावर काही आलं तर तेही दिसतं. जरा उशिरा दिसतं."

चौकीपर्यंतचा रस्ता मातीचा होता, सरळ होता आणि येताना त्यावर चिटपाखरू भेटलं नव्हतं. ढब्बूनं किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली. "हळू चालवा. पहिल्याच गिअरमध्ये गेलात तरी चालेल." मास्तर वळले. गाडी दोन आचके देऊन निघाली आणि धुरळ्यात दिसेनाशी झाली, तेव्हा ढब्बूला वाटलं, आपण एका जिवाच्या काळजीत दुसऱ्याची भर घातली.

काठावर ठेवलेल्या सामानाच्या पिशवीत आजारी सहकाऱ्याचा पट्टा होता. तो माणूस काडीपैलवान असावा. पट्टा शेवटच्या भोकापर्यंत सैल केला, श्वास आत ओढला, तेव्हा कुठे तो ढब्बूच्या पोटावर बसला. पट्ट्याची कडी शिडीच्या बाजूच्या तारेत कशी अडकवायची, हे बिट्टीनं एकदा घरी दाराच्या कडीला अडकवून दाखवलं होतं. तेव्हा त्यानं हसत हसत पाहिलं होतं. आता आठवत आठवत अडकवली, ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली आणि पाठ पोकळीकडे करून पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

खाली बघायचं नाही, वर बघायचं नाही. उरला समोरचा खडक. म्हणून तो खडकच बघत उतरला, अगदी नाकासमोर वितीभर अंतरावर. आधी कोरडा, पांढरट दगड आणि त्यात मुळं खुपसून बसलेलं एखादं काटेरी झुडूप. एक रानअंजीर भिंतीला बिलगून वाढलं होतं, त्याची मुळं दगडावरून गळतीच्या पाण्यासारखी खाली गेली होती. मग दगड ओलसर झाला. फटीफटींतून हंसराज दिसायला लागला, काळ्या केसासारख्या दांड्या आणि त्यावर इवली हिरवी पानं. तो ओळखता आला म्हणून ढब्बूला जरा बरं वाटलं. बिट्टीनं घरात न्हाणीघराच्या खिडकीत तोच लावला होता आणि त्याच्यासमोर साबणाचा फेस उडवायची ढब्बूला बंदी होती. तळहात घामानं ओले झाले होते. एक पायरी, मग कडी पुढे सरकवायची, मग दुसरी पायरी. त्यानं पानांवरून नजर हलवली नाही. हलवली असती तर तो तिथंच शिडीला मिठी मारून बसला असता.

शिडी संपली आणि दोरीचा कठडा लावलेला उतार लागला. छत खचलं तेव्हाचे दगड इथं ढिगानं पडले होते. हवा एकदम बदलली. भट्टीच्या खोलीतून शीतगृहात शिरल्यावर अंगावर येते तशी थंडी त्याच्या अंगावर आली. वर ऊन रणरणत होतं आणि इथं ओल्या मातीचा, कुजलेल्या पानांचा वास होता. झाडं बारीक खोडाची, उंचच उंच, फांद्या नाहीत, फक्त शेंड्याला पानांचा झुपका. उजेड मिळवायला सगळी एका दिशेनं माना वर करून उभी. त्यांच्या पायाशी नेच्यांची गर्दी, कमरेपर्यंत. त्याखाली दगडच काय, पडलेली खोडंसुद्धा शेवाळानं पांघरलेली. कुठे दगड आहे आणि कुठे नुसतं शेवाळ, काही कळत नव्हतं.

"बिट्टी," त्यानं हाक मारली. पुन्हा मारली.

"तिथंच थांब," नेच्यांतून आवाज आला. "पुढचं पाऊल टाकू नकोस."

तो जिथं होता तिथं खाली बसला. ती जिवंत होती, बोलत होती, वर हुकूमही सोडत होती.

"उजवीकडून ये. दोरीला धरून. दगड आधी पायानं दाबून बघ आणि मगच भार टाक."

तो तसा तसा गेला. बिट्टी दोन मोठ्या दगडांमध्ये बसली होती. एक पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला होता. चेहरा पांढरा पडला होता, ओठ निळसर. दोन दगडांमधल्या फटीवर शेवाळाची जाड गादी पसरली होती. तिनं पाय ठेवला, गादी फाटली, पाय आत गेला आणि वरचा दगड घसरून त्यावर टेकला. वॉकीटॉकी त्याच फटीतून खाली गेला होता. मास्तरांची हाक तिनं ऐकली होती. तिनं उत्तरही दिलं होतं, पण तिचा आवाज वरपर्यंत गेला नव्हता.

"दुखतंय?"

"मगाशी दुखत होतं. आता पाय जाणवत नाहीये." मग तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "तू इथं आहेस तर वर कोण आहे?"

"कोणी नाही."

"बाबा?"

"चौकीवर गेलेत. मदत आणायला."

"कसे?"

"गाडीनं."

"चालवतंय कोण?"

ढब्बू फटीत वाकून तिचा पाय बघू लागला.

"ढब्बू, गाडी कोण चालवतंय?"

"दुसरा डोळा चांगला आहे म्हणाले."

बिट्टीनं डोळे मिटले. तशीच म्हणाली, "त्यांना रस्त्यातले दगड दिसत नाहीत. परवा घरात स्टुलाला धडकले."

"ते खाली उतरले असते गं. मी दुसरं काय करू?"



त्यानं दगडाला हात घातला. रोज कणकेच्या परातीशी झुंजणारे हात होते, दगड थोडा हललाही. त्याबरोबर वरच्या ढिगातून खडी सुटली आणि टपटप करत त्यांच्या बाजूनं गेली. बिट्टीनं त्याचं मनगट घट्ट पकडलं. "सोड. हळू सोड. एकाला हात लावलास तर सगळे येतील."

"मग करू काय?"

"काहीच करू नकोस. माझ्यामागे बस आणि मला टेकू दे."

त्याला ते सगळ्यांत जड गेलं. शिडी उतरताना निदान पुढची पायरी तरी होती. इथं काहीच नव्हतं. त्यानं स्वेटर काढून तिला घातला, तिच्या पाठीशी बसला, तिच्या मांडीखाली हात घालून पायावरचा भार थोडा उचलून धरला. ती थरथरत होती. वर आभाळाचा एक तुकडा दिसत होता आणि उन्हाचा पट्टा समोरच्या भिंतीवरून हळूहळू वर चढत होता. मास्तर पोचले असतील का? रस्त्याच्या कडेला गाडी कलंडली असेल तर? चौकीवर कुणी नसेलच तर? त्यांना कुणी काही विचारलं आणि त्यांनी चिडून भांडण काढलं तर? एकेक शंका डोकं वर काढत होती. त्या त्यानं बोलून दाखवल्या नाहीत. मध्येच बिट्टीनं विचारलं, "ब्रेक नीट आहेत ना गाडीचे?" तेव्हा तिच्याही डोक्यात तेच चाललंय हे त्याला कळलं.

"बोलत राहा," ती म्हणाली. "मला झोप यायला नको."

"काय बोलू?"

"आज बाबा का आले ते सांग. त्यांना झाडापेक्षा डबा आवडतो."

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. त्यानं सगळं सांगितलं, बेकरीतलं बोलणं, कुणी सुरुवात करायची आणि कुणी जोर लावायचा ते. बिट्टीनं मान मागे त्याच्या खांद्यावर टाकली.

"मग बोल ना आता. चांगली संधी आहे. मी उठून जाऊ शकत नाही."

"आता नाही बोलत."

"का?"

"सगळं भाषण उतरता उतरता विसरलो." मग तो म्हणाला, "भीती वाटते गं मला. तू इकडे आलीस की दिवसभर वाटते. एवढंच होतं भाषणात."

तिच्या गुडघ्याजवळच्या दगडावर, नखाएवढ्या पानांचा एक नेचा उगवला होता, जवळजवळ पारदर्शक, पाण्याच्या थेंबाला हिरवा रंग द्यावा तसा. तिनं त्याच्यावर पडलेली खडी दोन बोटांनी अलगद उचलून बाजूला ठेवली.

"मलाही वाटते," ती म्हणाली. "दर वेळी. त्या पहिल्या पायरीवर पाय ठेवताना कडी तीनतीनदा ओढून बघते."

"कधी बोलली नाहीस."

"बोलले असते तर तुम्ही दोघांनी मला येऊ दिलं असतं? हे असलं वर कुठंच उरलेलं नाही, ढब्बू. वर सगळं वाळून गेलं. इथल्या गारव्याला, इथल्या अंधाराला धरून ते राहिलंय. पण दर हंगामाला थोडं कमी होतंय. किती कमी होतंय ते कुणीतरी खाली येऊन बघायला नको?"

ढब्बूला त्या नखाएवढ्या पानासाठी बायकोचा पाय द्यावा असं काही पटलं नाही. पण तो तसं बोलला नाही. तिचा हात बर्फासारखा झाला होता, तो चोळत राहिला. हळूहळू ती कमी बोलायला लागली. त्यानं प्रश्न विचारला की उत्तर उशिरा यायला लागलं. तो घाबरून काहीबाही विचारत सुटला, हे पान कुठलं, ते कुठलं, याला फूल येतं का, त्याला का येत नाही. ती एकेक शब्दानं सांगत होती. उन्हाचा पट्टा भिंतीवरून निघून गेला.

"बिट्टी!"

सगळं विवर दणाणलं. एवढा आवाज जगात एकाच माणसाचा होता. ढब्बूनं आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यांचं ओरडणं ऐकून डोळे मिटले आणि त्याच्या घशातून एक वेडावाकडा हुंदका निघाला. "इथं आहोत, बाबा," तो ओरडला. वर पोचलं की नाही कोण जाणे, पण पाठोपाठ दोर खाली पडायला लागले.

चौकीवरची माणसं सराईत होती. त्यांनी ढब्बूला आधी बाजूला केलं, मग वरचे दगड दोरांनी आणि लाकडी ओंडक्यांनी बांधून घेतले आणि लोखंडी जॅकनं तो दगड बोटभर उचलला. पाय बाहेर आला तेव्हा बिट्टी ओरडली. पाय जाणवतोय हे चांगलं लक्षण आहे, असं त्यांच्यातली एक बाई म्हणाली. बिट्टीला स्ट्रेचरवर बांधून दोरानं वर ओढलं. ढब्बूला मात्र आपल्या पायांनीच शिडी चढावी लागली. कशी चढला ते त्याला नंतर सांगता आलं नाही.

वर आल्यावर त्याला गाडी दिसली. पुढचा बंपर आत गेला होता आणि एक दिवा लोंबत होता.

"काय झालं हे?"

"चौकीची पाटी आडवी आली," मास्तर म्हणाले. "म्हणूनच ते धावत बाहेर आले. नाहीतर दार वाजवण्यात पाच मिनिटं गेली असती."

दवाखान्यात क्ष-किरणाच्या खोलीबाहेर एक लांब बाकडं होतं. दोघं त्यावर बसले. हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, पण पाय वाचेल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मास्तरांचा चष्मा कुठेतरी पडला होता आणि ऑपरेशनचा डोळा लालभडक दिसत होता.

"तो डोळा दाखवून घ्या इथंच," ढब्बू म्हणाला.

"आधी तिचं होऊ दे." मग दाराकडे बघत, "तू बोललास का तिच्याशी? आपलं ठरलं होतं ते?"

"बोललो."

"काय म्हणाली?"

"ती जाणार, बाबा. पाय बरा झाला की जाणार."

मास्तरांनी गुडघ्यांवर हात आपटले. "मग तू काय सांगितलंस? जा म्हणालास?"

"नाही म्हणालो. जाऊ नको असंही नाही म्हणालो." ढब्बूला स्वतःलाच ते अपुरं वाटलं. "तिच्या विभागात जाऊन भांडणार आहे मी. वर दोन माणसं हवीत, खाली दोन हवीत. एकटीला सोडायचं नाही. ते नाही म्हणाले तर मग बघू."

"आणि नाहीच ऐकलं तर?"

"तेव्हा मात्र जोर तुम्ही लावायचा."

मास्तर काही बोलणार होते, तेवढ्यात दार उघडलं आणि नर्स म्हणाली, नातेवाइकांपैकी एकानं आत यावं, एकानंच. दोघंही उठले. ढब्बूनं म्हाताऱ्याकडे पाहिलं. सदरा फाटलेला, हनुवटीवर धूळ आणि ओठ रडू फुटू नये म्हणून आत ओढून धरलेले.

"तुम्ही जा, बाबा. मी दिवसभर तिच्यासोबतच होतो."

मास्तर भिंतीला हात लावत लावत आत गेले. दार मिटलं. ढब्बू परत बाकड्यावर बसला आणि तेव्हा कुठे त्याचे पाय लटपटायला लागले. त्यानं दोन्ही हातांनी गुडघे दाबून धरले, तरी ते थांबेनात. समोरून जाणाऱ्या नर्सनं विचारलं, बरं वाटत नाहीये का, पाणी आणू का. तो नको म्हणाला, मग हो म्हणाला. तिनं पाणी आणून दिलं आणि ग्लास त्याच्या दातांवर वाजत राहिला.